तिसरा पॉइंट

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की उघड्या आभाळाखाली ज्या यंत्राला एकही सॅटेलाइट सापडला नव्हता, त्याच यंत्राच्या पडद्यावर, ते दुकानात आणून स्लॅबखालच्या टेबलावर ठेवल्याबरोबर, सिग्नलच्या सात पट्ट्या एकामागून एक काळ्या होत गेल्या.

रश्मी दचकली. ती तशी कशानेही दचकायची. मालवण बंदराजवळच्या त्या दुकानात मच्छीमारांचे वायरलेस आणि जीपीएस दुरुस्तीला येत, आणि मालक ओंकार तिला उठताबसता चिडवायचा, "इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतलंस गो, पण कॅल्क्युलेटर चालू केलो तरी तुका शॉक बसतलो." एरवी ती हसली असती. आज तिला हसू येईना, कारण तिने एकही पायरी चुकवली नव्हती. सेल बदलले होते, स्प्रिंगांवरचा हिरवा गंज स्पिरिटने पुसला होता, माडांपासून आणि पत्र्यांपासून लांब, धक्क्याच्या कठड्यावर ते हातात धरायचं जुनं जीपीएस यंत्र आडवं ठेवून आपलं अंगही त्याच्या आड येऊ न देता वीस मिनिटं वाट पाहिली होती. पट्ट्या रिकाम्याच राहिल्या.

तारीख तेवढी चुकलेली दिसली, एकोणीस वर्षं सात महिने मागची. त्यालाही कारण होतं. अशी जुनी यंत्रं आठवडे मोजत जातात आणि हजाराच्या थोडं पुढे गेली की मोजणी पहिल्यापासून सुरू करतात. मग ती आजचे सॅटेलाइट त्या जुन्या दिवसाच्या आभाळात शोधत बसतात. कारण सापडलं की माणसाला हायसं वाटतं म्हणतात. रश्मीला मात्र तसं वाटलं नाही, कारण ती तारीख तिला पाठ होती. त्या दिवशी तिचे बाबा, गावाचा बाळा, समुद्रात गेले ते परत आले नाहीत. ती तेव्हा चार वर्षांची होती. होडी उलटली आणि रात्रभर पोहत किनाऱ्याला लागला तो त्यांचा जोडीदार गंगाराम. "माणूस, जाळी, मशीन, सगळा गेला," असं त्याने धक्क्यावर सांगितलं होतं, आणि ते वाक्य आईच्या तोंडून ऐकत रश्मी मोठी झाली होती.

हे यंत्र गंगारामनेच सकाळी आणून दिलं होतं.

"सॅटेलाइटच धरना नाय मेला," तो टेबलावर कोपर टेकून म्हणाला होता. "जुना आसा, पण ह्याच्याशिवाय माझा चलना नाय. तू बाळाचा चेडू ना गो? शिकलंस ता बरा झाला."

"कधी घेतलात काका ह्या?"

"मायती नाय. मुंबयसून आणलेला कोणीतरी." मग त्याने जाडजूड अंगठ्याने बटण दाबून दाखवलं. "माका वाचूक येना नाय, पण बोटांका येता. खाली, खाली, खाली. तिसरो म्हणजे घर. धुक्यात डोळे मिटून येतंय मी." त्या अपघातानंतर तो होडीवर दुसरा माणूस घेत नसे, त्यामुळे ती करामत पाहायला सोबत कोणी नसे.

आता सात पट्ट्या भरलेलं ते यंत्र सांगत होतं, की आपण दुकानात नाही, किनाऱ्यापासून अकरा मैल आत, खोल पाण्यात, बाबांची होडी उलटली त्या बाजूला आहोत. स्लॅबखाली असा घोळ होऊ शकतो, असं स्वतःला बजावत रश्मीने साठवलेल्या ठिकाणांची यादी उघडली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने पाच नावं होती. आई. देऊळ. घर. रश्मी. सुभद्रा.

सुभद्रा तिची आई. मासे लागतात त्या पाण्याखालच्या खडपांना बाबांनी घरच्या माणसांची नावं दिली होती, हे आई अजूनही लाजत सांगायची. म्हणजे यंत्र बाबांचंच होतं, आणि ते बुडालं नव्हतं. कुणाच्या तरी हातात ते वर राहिलं होतं, आणि त्या हाताला दुसरं काही धरायची इच्छा नव्हती किंवा सवड नव्हती. एकोणीस वर्षं तो माणूस रश्मीवर जाळं टाकत होता, सुभद्रावर टाकत होता, आणि मासळी विकून घरी जात होता.

ओंकार जेवायला गेला. रश्मी यंत्र पुढ्यात घेऊन बसली. 'घर' म्हणजे बंदरात शिरायची, दोन खडकांमधली चिंचोळी वाट. तिच्या अक्षांशाचा एखादाच आकडा हलवला तर, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो इतक्या सहज, ओळखीच्या माणसासारखा आला, की या वेळी ती दचकलीसुद्धा नाही. पण तिने हात लावला नाही. एवढं तिला नक्की आठवत होतं. आठवत नव्हतं ते इतकंच, की ओंकार परत येईपर्यंतचा दीड तास कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगाराम आला तेव्हा तिने देण्याआधी यादी एकदा पाहिली. नावं सहा होती. आई. देऊळ. गंगाराम. घर.

नव्या नावापुढे अकरा मैल आतलेच आकडे होते. आणि त्या एका नावाने खालची सगळी नावं एकेक पायरी खाली ढकलली होती.

"झाला?" गंगारामने विचारलं.

तिच्या अंगठ्याच्या टोकावर बटणाचा गोल वळ कालपासून उमटलेला होता. तो मुठीत झाकून तिने दुसऱ्या हाताने यंत्र पुढे केलं.

"झाला काका. आता बरोबर नेतला."

"हुशार गो तू," तो म्हणाला, आणि यंत्र खिशात टाकून धक्क्याकडे चालू लागला. तो होडीत चढेपर्यंत रश्मी दारात उभी होती. हाक मारता आली असती. आईने एकोणीस वर्षं दारात उभं राहून किती हाका मारल्या असतील, ते ती मोजत राहिली.

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की समोरचा किल्ला पुसून टाकल्यासारखा झाला होता. नऊ वाजता किनाऱ्यावर लिलाव झाला, बाकीच्या होड्या चाचपडत आल्या, गंगारामची आली नाही. "येतलो, त्येका खंय डोळे लागतत," कुणीतरी म्हणालं आणि चारजण हसले.

रश्मीने दुकानाच्या मागे जाऊन फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. बोलायचं काय ते तिने ठरवून ठेवलं होतं: आधी विचारायचं, मशीन बुडालेला ना काका? तो कबूल होईपर्यंत थांबायचं, रडला तर रडू द्यायचं, आणि मगच सांगायचं, तिसरा नको, चौथा दाबा. त्या थांबण्याची चव रात्रभर तिच्या तोंडात होती. सहा वेळा लागला नाही, आणि सहाही वेळा आपल्याला वाईट वाटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

सातव्यांदा रिंग गेली. खूप वेळ गेली. मग कुणीतरी फोन उचलला.

इंजिनाचा आवाज नव्हता, पाण्याचा नव्हता, वाऱ्याचाही नव्हता. शेजारी कुणी निजलेलं असावं आणि त्याला जाग येऊ नये, अशा दबक्या आवाजात गंगाराम म्हणाला,

"पोचलंव गो आमी. दोघंय."