मेलेल्या माणसाच्या सत्तेचाळीस सह्या

"मेलेला माणूस सही कशी करतो, बाना म्वाबा?"

लोंबे वकिलाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर लाल ओळी होत्या, एकीखाली एक, सत्तेचाळीस. प्रत्येक ओळीत तेच नाव, फिडेलिस चिलेक्वा. पुढे त्याला दिलेली रक्कम, क्वाचांत, आणि साक्षीदाराच्या जागी फेलिस्तास. फेलिस्तास म्हणजे तीच. पण थोरली लेक म्वाबा जन्मल्यापासून न्डोला शहरात तिला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. सगळ्यांची ती बाना म्वाबा, म्वाबाची आई. या कचेरीची हिशेबनीस म्हणून तिची तीस वर्षं झाली होती.

"हाताने करतो," ती म्हणाली. "तुम्ही-आम्ही करतो तशीच."

"थट्टा नको. हा माणूस बारा वर्षांपूर्वी वारला. मृत्यूचा दाखला याच फाइलमध्ये आहे. त्यानंतर दर तिमाहीला तो इथे येऊन त्याच्या घराचं आपल्याकडे जमा होणारं भाडं घेऊन गेलाय. आणि दर वेळी साक्षीला तुम्ही. एकट्या तुम्ही!"

कोपऱ्यात बसलेली, किट्वेहून आलेली एस्नार्ट आपल्या पिशवीची चेन उगाच उघडझाप करू लागली. पडद्यावरची हिशेबाची प्रणाली तिनेच विकायला आणली होती. बिलं आणि हिशेब संगणकावर न्यायचे असं लोंबेने ठरवल्यापासून दोन प्रणाल्या पंधरा दिवसांसाठी घेऊन पाहिल्या होत्या. एक लुसाकावाल्यांची, दुसरी एस्नार्टची. बाना म्वाबाच्या अकरा वह्या दोन्हींत भरून झाल्या. लुसाकावालीने निमूटपणे सगळं गिळलं. एस्नार्टच्या प्रणालीने मात्र या सत्तेचाळीस ओळींवर बोट ठेवलं.

"गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, लुसाकावालीच घ्या," लोंबे म्हणाला. "का म्हणालात, ते आज कळलं."

बाना म्वाबाच्या कानशिलात रक्त चढलं. लुसाकावाली तिला आवडली होती ती साध्या कारणासाठी. लोकांचे पैसे हिरव्या रकान्यात आणि कचेरीचे काळ्या, दोन्ही एकाच पानावर समोरासमोर, अगदी तिच्या वहीत असत तसे. पण आता हे सांगून कोण ऐकणार होतं? आधीच संशय, त्यात आपलीच शिफारस आपल्यावर उलटलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कागद दाखवू?" ती म्हणाली. "नको. तोही मीच रंगवला म्हणाल. शुक्रवारी तिमाही संपते. माणूस येईल, तोच बघा."

"मेलेला?"

"मेलेलाच."

लोंबेने हात पुढे केला. "तोवर कपाटाची किल्ली माझ्याकडे राहू द्या."

तीस वर्षं ती किल्ली तिच्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या गाठीत होती. गाठ सुटता सुटेना. एस्नार्ट उठून मदतीला आली, तेव्हा बाना म्वाबाने तिचा हात झिडकारला.

"तुझ्या यंत्राने केलं तेवढं पुरे झालं."

पुढचे तीन दिवस ती रिकाम्या टेबलाशी बसली. बाजूच्या बाईकडून रोजच्यासारखे व्हितुम्बुवा, तळलेले गोड गोळे, मागवले आणि कागदात तसेच ठेवले. तिला वाटू लागलं, हे सगळं ठरवून चाललंय. निवृत्तीला आठ महिने उरले. चोरीचा ठपका ठेवून घालवलं की निवृत्तीचे पैसे वाचले. एस्नार्ट पाणी प्यायला उठली की ती तिच्याकडे बघे, लोंबे दार लावून फोनवर बोलू लागला की दाराकडे बघे. कर नाही त्याला डर कशाला, असं लोकांना सांगणं सोपं असतं. डर वाटत होतीच. चर्चमध्ये कुणी विचारलं तर काय सांगायचं, याची तर जास्तच.

आणि लोंबेवर तिचा विश्वास कधी बसलाच नव्हता. कचेरी त्याच्या मामाची, न्कांदू वकिलांची. दोन वर्षांपूर्वी ते गेले. घरची म्हातारी माणसं पाण्याचा वाडगा आणि पांढरा मणी घेऊन बसली. रीतीप्रमाणे भाच्याने मामाचं नाव घ्यायचं, मणी मनगटाला बांधायचा, की गेलेला माणूस घरात परत आला. लोंबे हात मागे बांधून उभा राहिला. म्हणाला, मी नव्याने जन्मलेला ख्रिस्ती आहे, मला हे चालत नाही. खुर्ची चालली, गाडी चालली, अशिलं चालली, फक्त नाव तेवढं चाललं नाही! ते सगळं बाना म्वाबाने तेव्हाच मनात टिपून ठेवलं होतं.

शुक्रवारी दहा वाजता दारात एक उंच, वाकलेला माणूस उभा राहिला. त्याच्या दंडाला धरून एक म्हातारी.

"चिलेक्वा आलाय म्हणून सांगा," तो म्हणाला.

लोंबे आतून बाहेर आला. त्याने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुम्ही फिडेलिस चिलेक्वा?"

"हो, मुक्वाई," तो अदबीने म्हणाला.

"ते वारले."

"वारलेच. मीच पुरलं त्यांना. माती लोटली तेव्हा इथे फोड आला होता." त्याने तळवा दाखवला.

एस्नार्टला हसू आवरेना. लोंबेच्या कपाळावर आठी चढली. "ओळखपत्र बघू."

ओळखपत्रावर नाव होतं कालुबा.

"म्हणजे तुम्ही कालुबा! मग चिलेक्वा कोण?"

"मामा. ते गेले, त्यांच्या जागी मी बसलो. आता मी चिलेक्वा. त्यांची मुलं मला बाबा म्हणतात, त्यांचं कर्ज मी फेडलं, त्यांच्या भांडणांत शिव्या मी खाल्ल्या. भाडं तेवढं दुसऱ्याने घ्यायचं?"

लोंबे म्हातारीकडे वळला. "मायो, हा तुमचा कोण?"

"भाऊ," म्हातारी ठाम म्हणाली.

"भाऊ?"

"धाकटा. जन्माला मीच घातलाय." तिने त्याच्या बाहीवरची धूळ झटकली. "ताप आला की मुलगा असतो. घरात वाद झाला, की भाऊ म्हणून बसवते आणि तो सांगेल ते ऐकते. तू कुणाचा रे? तुमच्या घरात माणसं मेली की मेलेलीच राहतात का?"

लोंबेने खिशातून किल्ली काढून कपाट उघडलं, फाइल काढली आणि पहिल्यांदाच ती तळापर्यंत उलटली. तळाशी न्यायालयाचा हुकूम टाचलेला होता. चिलेक्वाच्या मिळकतीचा कारभारी, भाचा कालुबा. खाली न्कांदू वकिलांचा शेरा होता, 'ओळख पटली. भाडं यांनाच द्यावं.'

माणूस भाडं घेऊन गेला. त्या दिवशी त्याने सही कालुबा म्हणून केली, आणि ती करताना आईकडे दोनदा बघितलं.

"कायद्याने सगळीकडे कालुबाच हवं होतं," लोंबे हळूच म्हणाला.

"हवं होतं," बाना म्वाबा म्हणाली. "चूक माझी आहे, चोरी नाही."

"मी... माफ करा, बाना म्वाबा."

"माफी तोंडी झाली. मी तोंडी कधी काही घेतलेलं नाही. कागदावर लिहा, तारीख घाला, शिक्का मारा. फेलिस्तासच्या वह्यांत एक क्वाचाही कमी निघाला नाही. आणि साक्षीला ही बसेल, किट्वेची."

लोंबेने लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घालून चोळीत ठेवलं. मग त्याने विचारलं, "दोन्हींतली कुठली प्रणाली घेऊ?"

"हिची."

एस्नार्टने चमकून वर पाहिलं.

"बघतेस काय? तुझ्यावर माझा अजून भरवसा नाही," बाना म्वाबा म्हणाली. "पण तुझं यंत्र विचारतं. न्कांदू वकिलांनी अठ्ठावीस वर्षांत मला एकदाही विचारलं नाही. म्हणायचे, तू लिहिलंस ना, मग झालं. मला त्याचा केवढा अभिमान! विचारलं असतं तर ही चूक पहिल्याच तिमाहीत सापडली असती."

दुपारभर तिघांनी मिळून लाल ओळी निवारल्या. वारलेल्या प्रत्येक अशिलापुढे आता कोण, हे लिहायचं. कुणीच नसेल तर खातं बंद. बंद करायला दोन माणसांचा होकार लागे. चारच्या सुमाराला यादीत शेवटचं नाव उरलं. ऑगस्टीन न्कांदू. त्यांच्या घराच्या जागेचा व्यवहार याच कचेरीतून झाला होता. शिल्लक शून्य. वहीत त्यापुढे बाना म्वाबाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'नाव घेणारा येईल.'

"हे अजून उघडं का?" लोंबेने विचारलं आणि वहीतली ती ओळ वाचली.

"दोन वर्षं वाट पाहिली," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, तो तिने लपवला नाही. "भले गृहस्थ होते हो. माझ्या म्वाबाची फी त्यांनीच भरली. त्यांच्यामागे कुणी नाही असं मलाच लिहावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं."

तिने रबराने पेन्सिलीची ओळ खोडली. यंत्रात 'कोणी नाही' लिहिलं, आपला होकार दिला आणि पडदा लोंबेकडे वळवला.

"आता तुमचा."

एस्नार्ट पिशवी उचलून बाहेर गेली. बाना म्वाबाने कपाट लावलं, लोंबेने कुलुपातच ठेवलेली किल्ली काढून चितेंगेच्या गाठीत बांधली आणि घट्ट ओढून पाहिली. बसची वेळ झाली होती. दारातून तिने एकदा मागे बघितलं.

लोंबेने होकार दिला नव्हता. तो पडद्यासमोर तसाच बसून होता, आणि डाव्या हाताने त्याने आपलं उजवं मनगट धरून ठेवलं होतं.