माझ्या बुडाचं टेंगूळ

मित्रांनो, मी केक भाजायचा एक जुना डबा आहे. गोल, पत्र्याचा, कडेने काळा. आपली कहाणी सांगणाऱ्याने ताठ मानेने समोर यावं म्हणतात. मी मात्र बूड भिंतीला टेकवून बसलो आहे. कारण कळेलच. लपवून लपवून किती लपवणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे पत्र्याच्या चकत्या साच्यात दाबून आम्हां भावंडांना एका फटक्यात आकार देत. त्या वेळी मी इतका सपाट होतो, की माझ्यात ठेवलेली गोटी जागची हलली नसती. त्या रूपावर भाळून एका नव्या नवरीने मला घरी आणलं. तीच पुढे या घरची आजी झाली.

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. भिंतीवर लग्नाचा फोटो टांगायचा होता आणि आजोबांना, म्हणजे तेव्हाच्या नवरदेवांना, हातोडी सापडेना. त्यांनी मला उचललं आणि माझ्या बुडाने खिळा ठोकला. खिळा भिंतीत गेला, पण माझ्या बुडाला कडेशी पोचा पडला. बायको ओरडेल, म्हणून त्यांनी तो बत्त्याने आतून ठोकून काढला. असा काढला, की बाहेर टेंगूळ आलं. तेव्हापासून मला कुठेही ठेवा, मी एका अंगाला कलतो. फोटोही कललेलाच आहे. पण त्याला कुणी ओव्हनमध्ये ठेवत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. आमच्या आजीला सुरेख नाचता येत होतं आणि अंगण खरोखरच वाकडं होतं. माझ्यात ओतलेलं मिश्रण एका बाजूला ओघळायचं. केक तिथे उंच आणि मऊ व्हायचा, तर समोरच्या बाजूला पातळ आणि कुरकुरीत. खाणारे बोटं चाटायचे आणि मी शरमेने काळा पडायचो. लोक म्हणतात, ओव्हनमुळे पडलो. म्हणोत बापडे.

घरात मात्र त्या केकची वेगळी भाषाच तयार झाली. उंच बाजू म्हणजे ‘चढ’, पातळ बाजू म्हणजे ‘उतार’. “मला उतार! मला उतार!” असा पोरांचा गलका व्हायचा. चढ मागाहून बिनदातांच्या मंडळींकडे जायचा. समोरच्या शिंप्याच्या घरीही आजी ताटलीत दोन्ही तुकडे पाठवायची. नेहमी कापूनच. अख्खा केक कधीच नाही.

पुढे आजीचे हात थरथरू लागले. नातीने तिच्याजवळ बसून सगळं शिकून घेतलं आणि घरीच केक करून विकायचं ठरवलं. दारावर पाटी लागली, ‘आजीच्या हातचा केक’. नवे चकचकीत डबे आले आणि माझ्यात खिळे ठेवले गेले. मित्रांनो, खिळे! ज्याने नाक कापलं त्याचंच बिऱ्हाड पोटात. गिऱ्हाईक आलं, की नात मला हळूच पायाने कपाटाखाली सारायची. तिचं काय चुकलं? तिच्या जागी मी असतो, तर मीही मला सारलं असतं.

पहिली ऑर्डर शिंपीकाकांचीच आली, त्यांच्या वडिलांच्या वाढदिवसाची. नातीने जीव ओतून केक केला. कसा सपाट, देखणा! दुसऱ्या दिवशी काका गळ्यात टेप घेऊन दारात उभे.

“रागावू नकोस पोरी. केक झकास होता. पण बाबा म्हणतात, हा त्या घरचा नाही.”

“असं कसं काका? सगळं आजीचंच प्रमाण आहे!”

“त्यांना दात नाहीत ना गं. चढ कुठाय, चढ कुठाय, करत बसले. मी सुरी घेऊन चारी बाजूंनी शोधला. शेवटी म्हणाले, मग पाटीवर आजी कशाला लिहिलीय?”

नातीचे कान लाल झाले. ती स्टूल घेऊन पाटी काढायला निघाली.

“थांब,” खुर्चीतून आजी म्हणाली. “आधी तो डबा काढ.”

“कुठला?”

“ज्याला लाथ मारतेस तो.”

नातीने मान खाली घातली. “मला लाज वाटायची गं आजी. लोक बघतील म्हणून.”

“आणि मला काय भूषण वाटायचं? अख्खा केक कधी पाठवला का मी कुणाला? वाकडेपणा दिसू नये म्हणून कापून पाठवायचे. लोकांना वाटलं, मुद्दाम करते.”

“म्हणजे ती तुमची कला नव्हती?” काकांनी आ वासला.

“कला यांची,” आजी म्हणाली. आजोबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

खिळे बाहेर निघाले. मला घासलं, पुसलं, लोणी लावलं. केक झाला, नेहमीसारखाच वाकडा. या वेळी तो कुणी कापला नाही. नात उघड्या ताटात अख्खा केक घेऊन भर रस्त्यातून गेली. मी ओट्यावरून कान देऊन होतो. थोड्या वेळाने समोरून म्हाताऱ्याचा आवाज आला, “आला रे! चढ आला!”

मित्रांनो, माझी लाज अजून पुरती गेलेली नाही. इतक्या वर्षांची सवय आहे. पण घरातलं एखादं वाकडं भांडं भंगारात देण्याआधी एवढं विचारा, की त्याच्या वाकडेपणामुळे कुणाच्या तोंडी मऊ घास पडत होता.

आणखी एक विनंती, जरा घाईची आहे. आजोबांना आज हातोडी सापडली आहे. “आण तो डबा, आत्ता सरळ करून देतो,” असं म्हणत ते इकडेच येत आहेत. कुणीतरी मला पायाने कपाटाखाली सारा. या वेळी मला मुळीच वाईट वाटणार नाही.