गाठोड्याबाहेरचा आवाज

“अजून एकदाव दाब बरं,” यामिनीची आई दगूबाई म्हणाली.

यामिनीने घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं ‘पाणी दे’ हे बटण पुन्हा दाबलं. बटण हिरवं झालं, आवाज मात्र आला नाही. तिचा बाप भाईदास खाटेवरून मान पुढे काढून बघत होता. घशातल्या भोकावर पांढरं फडकं. नंदुरबारच्या मिरचीच्या लिलावात हयातभर बोली पुकारणाऱ्या या माणसाची स्वरपेटी कर्करोगापायी नुकतीच काढली होती.

ऑपरेशनच्या आधी यामिनीने त्याच्याकडून रोजची वाक्यं वदवून रेकॉर्ड करून घेतली होती. ती शिकवायची त्या कॉम्प्युटर क्लासच्या लॅपटॉपवर. “मन्हा लिलाव करी ऱ्हायनी का वं?” म्हणून तो हसलाही होता. बटण दाबलं की बाप बोलेल, असा प्रोग्रॅम तिने लिहिला. पुढे दवाखान्याच्या खेपांत नोकरी सुटली, लॅपटॉप परत करायचा झाला. तेव्हा तिने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करून प्रोग्रॅमच्या सगळ्या तुकड्यांचं एक जार बांधलं. एकच फाइल, गाठोड्यासारखी. तिथेच चालवून पाहिली, तर बाप खणखणीत बोलला. मग तेवढीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पोरगी गावी, कोरीटला परतली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आता तिने जारमध्ये काय काय आहे ते दाखवणारी आज्ञा दिली. कोडच्या फाइलींची नावं सरसर उतरली. आवाजाची एकही नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. बांधताना तिने फक्त कोड घेतला होता. आवाजाचं फोल्डर बाहेर, शेजारीच राहिलं होतं. लॅपटॉपवर प्रोग्रॅमला ते शेजारी सापडत होतं, म्हणून तो बोलत होता.

तिने क्लास चालवणाऱ्या ललितला फोन लावला.

“ताई, तो लॅपटॉप ते कालच पुरा पुसी टाका,” तो म्हणाला. “नवी म्याडमले देवाना व्हता ना.”

फोनमध्ये लग्नांचे व्हिडिओ होते. त्यांत बाप दिसत होता, पण ऐकू यायचा तो बँड. यामिनीला जीव नकोसा झाला. दगूबाई भाकरी थापायला चुलीकडे गेली.

“आबा,” यामिनी रडत म्हणाली, “तुमना आवाज मी गमाडी टाका.”

भाईदासने तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माउस आपल्याकडे ओढून, शोधून शोधून ‘यामिनीनी माय वं’ हे बटण दाबलं. ते हिरवं झालं. त्याने चुलीकडे पाहिलं. दगूबाई पाठमोरी भाकरी थापत होती, तिने काही वळून पाहिलं नाही.

मग त्याने टाळी वाजवली.

“उनू, उनू,” म्हणत दगूबाई पिठाच्या हातांनी त्याच्यापाशी आली.