आठवा मंगळवार

तिला तळ्याकाठी तुम्ही बसवलंत, साहेब. तिनं गाड्या मागितल्या होत्या, माणसं मागितली होती. तुम्ही तिला आठ मंगळवार दिलेत. दुखणं पायाला आणि पट्टी डोक्याला, ही तुमची जुनी खोड.

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये ती सोळा वर्षं फोन घेत होती. तिथं तिला कानसेन म्हणायचे. समोरचा नुसता श्वास घेत असला तरी तो पडलाय, लपलाय की रडतोय, हे ती सांगायची. एका दुपारी एका म्हातारीचा फोन आला. गाड्या सगळ्या बाहेर. एकोणीस मिनिटं तिनं म्हातारीला बोलतं ठेवलं, नातवंडांची चौकशी केली, मग नुसतं ऐकत राहिली, मग ऐकायलाही काही उरलं नाही. त्या दिवसापासून तिची झोप गेली. घरात बशी वाजली तरी ती ताडकन उठायची. नवरा म्हणायचा, अगं, घर आहे हे, बंबखाना नव्हे.

तिनं अर्ज केला, गाड्या वाढवा. तुमचं उत्तर आलं, मनःस्वास्थ्य शिबिर. निसर्गाच्या सान्निध्यात ध्यान, आठ सत्रं. शेवटी प्रमाणपत्र, ते नसेल तर खुर्ची नाही.

तळ्याकाठी चौदा जण चटया टाकून बसायचे. घड्याळं आणि फोन आधीच काढून घेत, राखणदाराच्या खोलीत कुलूपबंद ठेवत. राखणदाराला सगळे मामा म्हणत. वेळ संपली की तोच कठड्याच्या लोखंडावर किल्ल्यांचा जुडगा दोनदा वाजवायचा, ठणठण, आणि हसत म्हणायचा, "मी घरी डोळे मिटून बसलो की बायको आळशी म्हणते. तुम्हाला मात्र सरकारी चटई!"

तिसऱ्या मंगळवारी पाण्यात काहीतरी धपकन पडलं आणि ती उठून धावली. वाळकी फांदी होती. सगळे हसले. मामा म्हणाला, ताई, झाडाला अँब्युलन्स लागत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी वहीत लिहिलं, आवाजामागे धावते, प्रगती नाही.

मग तिनं मनावर घेतलं. आणि खोटं कशाला बोला, गुण आला. लव्हाळ्यातली सळसळ, पाणकोंबडीची डुबकी, पलीकडची कुऱ्हाड. ऐकायचं आणि सोडून द्यायचं. पाचव्या मंगळवारी ती सलग सहा तास झोपली. नवऱ्यानं दोनदा तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं.

आठव्या मंगळवारी सगळे नुकतेच स्थिरावले होते. मागच्या बाजूला, मामाच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेच्या वळणापाशी, ठण वाजलं. एकदाच. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठण, आणि लोखंडावरून काहीतरी घसरत गेल्याचा आवाज. तिच्या कानानं तिला तिथल्या तिथं सांगितलं, या हातात जोर नाही. तिचा गुडघा चटईवरून उचलला गेला. खांद्यावर बाईंचा तळवा आला, मऊ, ऊबदार.

"अजून वेळ झाली नाही. आवाज येतात, जातात. त्यांच्यामागे जाऊ नका."

तिला वही आठवली. खुर्ची आठवली. ती बसली. तिसऱ्यांदा अगदी बारीक आवाज आला, आणि तो तिनं सोडून दिला. खरोखरच सोडून दिला. त्यानंतर तिला जेवढं शांत वाटलं तेवढं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. हे तिनं नवऱ्याला नंतर सांगितलं ते भिंतीकडे तोंड करून.

ठणठण काही वाजेना. वाजेपर्यंत बसायचं, म्हणून चौदा माणसं बसून राहिली. ऊन चटयांवर आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, मामाला डुलकी लागली वाटतं.

मामा वळणावर पडला होता, एक हात कठड्याकडे. फोन कुलपात, आणि किल्ल्या त्याच्या मुठीत. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, जुडगा बाईंकडे फेकला आणि छाती दाबायला बसली. फोन हातात आला तसा तिनं स्वतःच्याच कंट्रोल रूमचा नंबर लावला. पलीकडे शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण होती. आवाज ओळखून ती हळू बोलली, "ताई, गाडी नाहीये गं. तू दाबत राहा." ती दाबत राहिली. गाडी आली तेव्हा तिचे हात दुसऱ्यांना धरून थांबवावे लागले.

तुमच्या अहवालात आलं, नैसर्गिक मृत्यू. तिच्या घरी प्रमाणपत्र आलं, प्रगती उत्तम. ती परत खुर्चीवर बसली.

पंधरा दिवसांनी मामाची बायको घरी आली. भांडायला नव्हे. चहा घेतला, बशी पुसून ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही चौदा जण होता ना तिथं? कुणालाच काही ऐकू आलं नाही?"

नवऱ्यानं डोळ्यांनी खुणावलं, नको. नाही म्हणून सुटता आलं असतं. नाहीतरी मामाची बायको काय तपासणार होती?

"मला आलं," ती म्हणाली.

पदर सारखा करत मामाच्या बायकोनं एवढंच विचारलं, "मग?"

उत्तराऐवजी तिनं ती पुसलेली बशी पुन्हा पुसायला घेतली. मामाची बायको निघून गेली. आता फोन वाजला की आधी तिला तो 'मग' ऐकू येतो, आणि त्याच्याआडून माणसाचा आवाज. तो 'मग' काही येऊन जात नाही, साहेब. तिथंच राहतो.

ऐकणारीला न ऐकायला तुम्ही शिकवलंत, आणि उत्तम म्हणून सही केलीत. मामाच्या बायकोचा प्रश्न तुमच्या टेबलावर आहे. एकच शब्द आहे, वाचायला वेळ लागायचा नाही.

मग?