अम्मांचा फटाका

चुलीवरचं शकुनाचं दूध उतू गेलं तशी सिसिलिनअम्मांनी अंगणात जाऊन फटाक्यांच्या माळेला काडी लावली. क्षणभर शेजारीपाजारी चिडीचूप. मग कुंपणापलीकडे जिनदासमामांची माळ तडतडली, समोरची तडतडली, आणि बघता बघता अख्खी गल्ली दणाणली. सिंहली नव्या वर्षाची पहिली माळ या गल्लीत कायम अम्मांचीच.

"पहिल्याच खेपेला काय झकास चूल पेटवलीस गं पोरी!" अम्मा आत येत म्हणाल्या.

इरेषा सुखावली. सून म्हणून तिचा हा पहिलाच सण. रात्रभर जीव टांगणीला लागला होता. टीव्हीवर अम्मांचा काडीचा भरवसा नाही. आपल्या सिंहली पेपरात छापून येतो तोच चूल पेटवायचा खरा मुहूर्त! अम्मा जपून ठेवतात ते पान इरेषानेच डब्यातून काढून वाचून दाखवलं होतं. चुलीची वेळ, दिशा, कपड्यांचा शुभ रंग निळा. दोघी डोक्यापासून पायापर्यंत निळ्या होत्या.

सणाच्या भातात मीठ घालायला तिने फळीवरची बरणी उचलली, आणि खालच्या छापील ओळींवर तिची नजर गेली. सणाच्या साफसफाईत फळीवर ताजा पेपर तिनेच अंथरला होता. बरणीखाली यंदाचा मुहूर्त होता. त्याला अजून अर्धा तास अवकाश. कपडे हिरवे. डब्यातलं पान गेल्या वर्षीचं!

अगं बाई, आपल्यापायी अम्मांचं गल्लीभर हसं होणार! रडू आवरत ती कुंपणाशी धावली.

"मामा..."

मामा हिरव्या शर्टात होते. मामी हिरव्या पोलक्यात. समोरच्या ओट्यावर म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंटोरं, झाडून सगळी हिरवी.

"मामा, तुम्ही पेपर वाचला होता?"

"रोज वाचतो की."

"मग माळ का लावलीत?"

"अक्कांनी लावली ना." मामांनी आवाज खाली आणला. "त्यांना एकटं पाडायचं होय? जा, भात बघ. करपेल."

अर्ध्या तासाने गाव चहूकडून कडाडलं. गल्लीत मात्र साधी टिकलीही वाजली नाही. अम्मा दारात आल्या.

"हे आता कुठले गं फटाके?"

"गाव झोपाळू आपलं, अक्का!" मामा पलीकडून ओरडले. "आत्ता उठलंय!"

अम्मांनी मामांच्या शर्टाकडे बघितलं. समोरच्या ओट्याकडे बघितलं. मग स्वतःच्या निळ्या पोलक्याकडे. इरेषाने मान खाली घातली.

अम्मा आत गेल्या आणि त्यांनी कोनाड्यातलं मोठं पातेलं खाली काढलं.

"पोरी, अजून तांदूळ धू," त्या म्हणाल्या. "गल्लीभर वाटायचाय."