ईरण्णाचं हूं

गाय एकदाची व्याली, तशी सिद्धम्मानं हात धुतल्यासारखे केले आणि पदर सारखा करत ती माळाकडं निघाली. आज फार उशीर झाला होता. जाऊबाई गालात हसली. दिवस कलला की हिचा पाय घरात ठरतोय कुठं?

अणदूरच्या त्या माळाच्या कडेला, बांधाजवळ, तिच्या नवऱ्याला, ईरण्णाला, लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली होती. मागच्या पावसाळ्यात ती तिथं बसून त्याला घरचं सांगत होती. गाय आटली, रझाकारांच्या धास्तीनं बाजार लवकर उठतो, असलंच काहीबाही. तेवढ्यात गवतातून आवाज आला. खोल, पोटातून.

"हूं."

अगदी ईरण्णाचं. जन्मभर त्या माणसानं तिच्या शंभर बोलण्यांना एवढं एकच उत्तर दिलं होतं, आणि त्यावरून तिनं त्याला काय कमी बोल लावले होते!

माळढोकाचा नर पावसाळ्यात गळा फुगवून असा घुमतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असून काय करायचं? तिला ते हूं हवं होतं. पाखरू आधीच विरळ, मादी वर्षाला एकच अंडं घालणार. त्यात साहेबलोकांच्या पाहुण्यांनी बंदुकीनं टिपून टिपून इथं हा एकटाच नर ठेवलेला. धाकटा दीर महांतप्पा माळ नांगरायचा म्हणून हटून बसला होता. बैलांच्या गवताचं निमित्त काढून तिनं त्याला वर्षभर थोपवलं होतं.

आज ती बांधाच्या अलीकडंच थबकली. नर उंचवट्यावर उभा होता, शेपूट पाठीवर उलटं टाकलेलं, गळ्याची पिशवी लोंबत असलेली. समोरच्या गवतातून एक मादी मान वर काढत, थांबत, त्याच्याकडं येत होती. सिद्धम्मानं एक पाऊल टाकलं. मादीनं तिला पाहिलं, ती दबली, आणि उडून पार पलीकडं गेली.

"हूं," नर घुमला. पुन्हा घुमला.

तो कुणाला उत्तर देत नव्हता, मादीला हाका मारत होता. आणि पावसाळाभर रोज संध्याकाळी नेमकी आपणच मध्ये येऊन बसत होतो. सिद्धम्मानं पदर तोंडात धरला. मातीपर्यंत न जाताच ती वाकून, हळूच मागं फिरली.

ती जाईना झाली, तसं महांतप्पानं विषय काढला.

"वैनी, आता तिकडं जात न्हाय तुमी. मग घालू का नांगर?"

"न्हाय, भावजी. गुरंबी सोडू नका. माणसानं फिरकायचं न्हाय तिकडं."

"आन दादाच्या मातीवर दिवा?"

सिद्धम्मा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"पावसाळा सरू दे," ती म्हणाली. "त्येंला सांगून आलेय म्या."

खरं तर सांगायचंच राहिलं होतं. महांतप्पा उठून गेला.

"यंदा मूग बरा आलाय," ती चुलीकडं बघत म्हणाली, आणि एका हूंपुरती थांबली. मग तिनं भाकरी उलटली.