पेटी दर्शनी भागात लावावी

मित्रांनो, मी शेवटची वाजले तो शनिवार होता. सकाळची शाळा. बोरी अरबच्या पुढे, सोयाबीनच्या वावरांमध्ये आमची दोन खोल्यांची शाळा आहे. तिच्या व्हरांड्यात साधनाबाई चटई टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे मी, एक जुनी बाजाची पेटी. माझ्या पट्ट्यांवर बाईंनी रंगीत टिकल्या चिकटवल्या होत्या. सा लाल, रे नारिंगी, ग पिवळा. पोरांना अजून धड जोडाक्षरे येत नव्हती. पण कागदावर रंगांचे ठिपके ओळीने काढून ती आपापली गाणी लिहीत, आणि बाई ती जशीच्या तशी वाजवून दाखवत.

त्या दिवशी दुसरीतल्या सुरभीने अख्खा कागद पिवळा करून आणला.

“हे काय गं?”

“गाणं हाय, बाई. उन्हाचं.”

“सगळं पिवळंच?”

“मंग? ऊन कधी हिरवं असते काय?”

बाईंनी ‘ग’ची पट्टी दाबली आणि भाता संपेपर्यंत दाबून ठेवली. ऊन असेच वाजत असणार, हे मलाही त्या दिवशीच कळले.

मुख्याध्यापक नागोराव सर दारात उभे राहून मोबाइलवर फोटो काढत होते. असे ते बऱ्याच शनिवारी काढत. “बाई, चाचणी जवळ आली. गाण्यानं भागाकार येते काय?” त्यांनी विचारले. फोटो मात्र थांबवले नाहीत. बाईंनी माझे झाकण लावले आणि पोरांना म्हणाल्या, “सोमवारी निळा शिकू.”

रविवारी दुपारी अंगणात कपडे वाळत घालता घालता बाई कोसळल्या. पुन्हा उठल्या नाहीत.

माझे अंग सागवानाचे आहे. बाईंचे वडील धर्मपाल यांनी मला आपल्या गायन पार्टीसाठी घेतले. आर्णीपासून पांढरकवड्यापर्यंत जयंतीच्या कितीतरी मंडपांत मी वाजले. लोक म्हणत, “पेटी बोलते राजा तुमची!” ते गेल्यावर मी मुलीकडे आले आणि मुलीने मला स्कूटीला बांधून शाळेत आणले. मी शाळेची वस्तू नव्हते, शाळेसाठी आणलेली घरची वस्तू होते. हा फरक नागोराव सरांना ठाऊक होता.

बाई गेल्यावर पंधरा दिवसांनी तपासणीचे पत्र आले. पेटी दर्शनी भागात लावावी, असे त्यात होते. सरांनी खिचडी शिजवणाऱ्या लालीबाईला बजावले, “उद्या साहेब येऊन राह्यले. पेटी समोर दिसली पाहिजे.”

पत्रातली पेटी तक्रारींची होती. पण आमच्या गावात पेटी एकच. लालीबाईने मला ओल्या फडक्याने पुसले, झेंडूची माळ घातली आणि व्हरांड्यात बाईंच्या खुर्चीवर बसवले. साहेब आले, त्यांनी मला पाहिले आणि पोट धरून हसले. “सर, हिच्यात तक्रार टाकायची कुठून? भात्यातून?”

साहेब गेले तशी सरांनी लालीबाईला झापले, “एवढं समजत नाही काय तुले?”

“तुमीच तं म्हटलं पेटी,” ती म्हणाली. “पेटी म्हणजे बाईची पेटी.”

लालीबाईची ती चूक होती. त्यानंतर जे झाले, ती चूक नव्हती. सरांनी सुतार बोलावला. माझा भाता फाडला, सूर उपटले, पट्ट्या टिकल्यांसकट भंगारात टाकल्या. झाकणाला करवतीने फट पाडली, कुलूप बसवले, वर पांढऱ्या रंगात दोन शब्द लिहिले आणि मला व्हरांड्याच्या भिंतीवर ठोकले. “घ्या,” सर म्हणाले, “झाली तक्रार पेटी.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू या ठिकाणी डोळ्यांत पाणी आणून सांगतात, आम्हाला जपा. मी ते सांगणार नाही. मला सूड हवा होता. एकदा सरांनी माझ्या फटीत बोट घातले, तेव्हा मी लाकडाची टोकदार कूस अशी खोल रुतवली की ते आठ दिवस बोट बांधून फिरले. जयंतीच्या टाळ्यांतही मला एवढे सुख झाले नव्हते.

पोरे माझ्यात चिठ्ठ्या टाकू लागली. किल्ली सरांच्या खिशात होती आणि त्यांना उघडून बघावेसे कधी वाटले नाही. मी एकेक चिठ्ठी पोटात धरून ठेवली. मला घाई नव्हती.

जानेवारीत शाळेपुढे मंडप उभा राहिला. ‘रंगसूर’ नावाच्या नव्या उपक्रमाबद्दल नागोराव सरांचा सत्कार होता. बॅनरवर माझा फोटो होता. टिकल्यांच्या पट्ट्या दिसत होत्या, पट्ट्यांवरचे बाईंचे हात दिसत होते आणि बाईंच्या चेहऱ्यावर सरांचा हसरा गोल फोटो चिकटवला होता.

बाईंची मुलगी मैत्रेयी त्याच दिवशी यवतमाळहून आईचे उरलेले सामान न्यायला आली. ती वाचनालयात काम करते. मोठ्याने बोलायची तिला सवय नाही. लालीबाईने तिला हाताला धरून माझ्यापुढे आणले. “पोरी, हे पाह्य, तुझ्या मायची पेटी.” मैत्रेयीने फटीवरून बोट फिरवले. तिला मी कूस रुतवली नाही.

ती सरळ व्यासपीठाकडे गेली. “सर, तक्रार पेटी पालकांसमोरच उघडायची असते ना? आज सगळे आहेत.”

“आज कायले, ताई? कार्यक्रम चालू हाय.”

“उघडा ना सर,” मागून कोणीतरी ओरडले. “भेता काहून?”

सरांना मला भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवावे लागले. कुलूप निघाले आणि मी त्यांच्या नव्या शालीवर सगळे ओकले. मैत्रेयीने एक चिठ्ठी उचलून वाचली, “बाईचा तास कोणाले देल्ला?” मग दुसरी, “सरले गाणं येत नाही. तरी फोटोत काहून हायेत?” मंडपात हशा पिकला. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो लाल रंग मी मनसोक्त पाहिला.

“हे हात माझ्या आईचे आहेत,” मैत्रेयी बॅनरकडे बोट दाखवून म्हणाली.

“बाईंनी स्वतः कधी काही म्हटलं नाही, ताई,” सर पुटपुटले.

मैत्रेयीने माइक हातात घेतला.

“म्हटलं होतं. मला. तुम्ही तिचं काम स्वतःच्या नावानं वरच्या ऑफिसात पाठवलंत, हे तिला कळलं होतं. तिनं मला फोन केला. मी म्हणाले, जाऊ दे आई, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला भांडतेस? ती ‘बरं’ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. सर, चोरी तुम्ही केलीत. तिला गप्प मी केलं. आई, ती एवढीशी गोष्ट नव्हती.”